एकच पाय सुजला तर

(दृश्य: रावेरजवळची केळीची बाग, घड वाहणारे मजूर)

केळीच्या या पट्ट्यात पाय दुखला म्हणून सहसा कोणी दवाखाना गाठत नाही. "मना पाय सुजी गया," एवढं घरी सांगायचं, तेल चोळायचं आणि सकाळी पुन्हा घड वाहायला हजर. बहुतेकदा तेवढ्यानं भागतंही. पण एकच पाय एक-दोन दिवसांत मांडीपर्यंत टम्म फुगला, तर आधी चोळणं थांबवा. आतल्या खोल शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, की जिवावर बेततं.

बाळंतपण, मोठं ऑपरेशन, प्लास्टरमधला पाय, कॅन्सर, तासन्‌तास बसून केलेला प्रवास, अशी निमित्तं. निदान डॉपलर सोनोग्राफीनं, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीनं होतं.

(दृश्य: ठिबकची नळी, मुळाशी पडणारे थेंब)

उपचाराचा पाया आजही रक्त पातळ करणारं औषधच. ते गाठ वाढू देत नाही. ती विरघळवायचं काम शरीरावर सोडतं. विरघळवणारं औषध सलाईनमधून दिलं, तर ते अंगभर फिरतं. कॅथेटरची, म्हणजे शिरेत घातलेल्या बारीक नळीची रीत ठिबकसारखी: सगळं वावर भिजवायचं नाही, मुळाशीच पाणी. गुडघ्यामागच्या शिरेत सुई, सुईतून तार, तारेवरून छिद्रांची नळी थेट गाठीत. औषध कधी रात्रभर झिरपत राहतं. नव्या नळ्या गाठ शोषून किंवा जाळीत पकडून बाहेर काढतात. मग औषध कमी लागतं, कधी लागतही नाही.

धमनीतल्या गाठीची घाई वेगळी. तिथे पाय फुगत नाही. गार, पांढराफटक, बधिर होतो. हातात काही तासच असतात. अशा गाठी ओढून काढणारी फुग्याची नळी अमेरिकी सर्जन थॉमस फोगार्टी यांनी १९६३ साली मांडली. आजही ती वापरात आहे.

शिरेच्या गाठीत मात्र नळीचा आग्रह सगळ्यांनी धरू नये. शिरेच्या गाठीत कॅथेटरचा उपयोग तपासणाऱ्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ॲट्रॅक्ट चाचणीत ६९२ रुग्ण होते. सरसकट कॅथेटर वापरून पायाचा पुढचा जुनाट त्रास टळला नाही, रक्तस्राव तेवढा वाढला. मांडीच्या वर, ओटीपोटापर्यंत गेलेली, साधारण दोन आठवड्यांच्या आतली गाठ आणि रक्तस्रावाचा धोका कमी असलेला रुग्ण, तिथे विचार करावा. डावा पाय असेल, तर वरून जाणारी धमनी शीर दाबते का, तेही पाहतात. दाबत असेल, तर स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्यानंतरही किमान तीन महिने.