दुसरी कात

(पाषाण तलाव, सकाळ)

पाषाण तलाव. जलपर्णी बाजूला सारत जाळं पाण्यात उतरतं. मलमलीसारखं बारीक, टोकाला बाटली बांधलेली. वर आलं की बाटलीत नुसतं गढूळ पाणी दिसतं. उजेडाला धरा. ठिपके उड्या मारतायत ना?

(सूक्ष्मदर्शकाखाली)

ही पाण्यातली पिसू. पिसू नावापुरती, गोतावळा कोळंबी-खेकड्यांचा. अंग आरपार. धडधडतंय ते काळीज. हिरवी रेघ दिसते ते आतडं, सकाळचं शेवाळ अजून तिथेच आहे. पाठीवरच्या पोकळीत अंडी. खाण्यापिण्याची चंगळ असली की हिला नराची गरज नाही, माद्या एकट्याच माद्या जन्माला घालतात.

(प्रयोगशाळा)

पुण्यातल्या एका कॉलेजची प्राणिशास्त्राची लॅब. इथे तलावातली पिसू चालत नाही. डॅफ्निया मॅग्ना ही जात पाळावी लागते, पाण्यात मिसळलेली वस्तू विषारी आहे का याच्या जगभरच्या चाचण्या बहुतेक हिच्यावरच होतात. नळाचं पाणी क्लोरीन उडेपर्यंत उघडं ठेवायचं, मग हवा सोडायची, रोज शेवाळ भरवायचं. एवढे लाड घरच्या माशांचेही होत नाहीत.

चाचणीला पिल्लं २४ तासांच्या आतली लागतात. आकार मिलिमीटरभर. लॅबमधल्या ताईचा हात बघा: ड्रॉपरचं टोक पाण्यात बुडवूनच ती पिल्लू सोडते. वरून टाकलं तर कवचाखाली हवा अडकते आणि ते बिचारं बुडबुड्यासारखं वरच तरंगत राहतं.

पांढरी भुकटी आहे टायटॅनियम डायऑक्साइडची. सनस्क्रीनमध्ये असते तीच. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. हे कण शंभराच्या आतले. पाण्यात टाकले की एकमेकांना चिकटतात, म्हणून आधी सॉनिकेटर, ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र. त्याचा आवाज आम्ही मुद्दाम कमी केलाय, खोलीत कान किटतात.

हे कण मिसळलेल्या पाण्याच्या एका बीकरमध्ये पाच पिल्लं. २४ तासांनी बघायचं, मग ४८ तासांनी. भांडं हलकेच हलवायचं. १५ सेकंदांत पोहली नाही तर वहीत लिहायचं, 'निश्चल'. ४८ तास भरले की नियमाप्रमाणे चाचणी संपली.

आमच्या बीकरमध्ये ४८ तासांनी सगळं आलबेल होतं. आम्ही ट्रायपॉड आवरायला घेतला. ताई म्हणाली, "थांबा हो, अजून दुसरी कात राहिलीये."

(जवळून: पांढुरकं कवच)

पिसू पाणी गाळून खाते, त्यामुळे आतड्याची हिरवी रेघ आता पांढरी झालीय. कवचावरही कणांचं पुट आहे. पहिली कात टाकली की पुट तिच्याबरोबर जातं. पण पाणी तेच, नव्या कवचावर पुन्हा पुट चढतं. २०११ साली जर्मनीतल्या संशोधकांनी घड्याळ ९६ तासांपर्यंत चालू ठेवलं. लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम कण. दहातल्या नऊ पिसवा मेल्या, कात न सुटल्यामुळे.

चांदीचं काम निराळं. तिचे कण विरघळतात, आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटतात आणि पिसवेच्या अंगात सोडियम ओढून घेणारा पंपच बंद पाडतात. वास न येणाऱ्या मोज्यांत ही चांदी असते. २००८ साली अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत असे मोजे नुसत्या पाण्यात धुऊन पाहिले. काहींची चांदी पाण्यात उतरली. पाकिटावर हे कुठे लिहिलेलं असतं, तुम्हीच शोधा.

(मुठा, भिडे पूल)

न्हाणीघर, गटार, मुठा. नदीत हे कण बीकरइतके दाट नसतात, खरंय. पण नदीतली पिसू ४८ तासांनी बाहेरही येत नाही. पिसवा घटल्या की शेवाळ माजतं, माशांच्या पिल्लांचा चारा जातो.

(पुन्हा लॅब, रात्र)

९६ वा तास. तळाशी एक पिल्लू, अर्धी कात अंगावर. ताई बीकर हलवते. मोजायला लागते.