'मायसेल्फ'च्या आधी कोण?

नमस्कार श्रोतेहो. मुलाखतीत साहेब म्हणतात, "इंट्रोड्यूस युअरसेल्फ." समोरचा मुलगा कॉलर सारखी करतो आणि सुरू होतो, "मायसेल्फ सचिन..." हसू नका, माझ्या पहिल्या मुलाखतीत मीही हेच म्हणालो होतो, तेही खणखणीत आवाजात. प्रश्नातलं 'युअरसेल्फ' उचलायचं, त्याचं 'मायसेल्फ' करायचं आणि उत्तराला जोडून द्यायचं, असं काहीसं आपलं होत असावं.

खरं तर या चुकीवरचा उतारा शाळेतल्या मराठी व्याकरणातच होता. आत्मवाचक सर्वनामं आठवतात? 'आपण' आणि 'स्वतः'. 'तो आपण होऊन आला', 'मी स्वतः त्याला पाहिलं'. ही सर्वनामं वाक्याच्या सुरुवातीला येत नाहीत, असं बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. आधी 'तो', मग 'आपण'. इंग्रजीतही तसंच आहे: आधी 'आय', मगच 'मायसेल्फ'. 'आय सॉ हिम मायसेल्फ' चालतं. नाव सांगायला मात्र 'आय ॲम सचिन' पुरे.

ऑफिसच्या ई-मेलमध्ये याचा एक भाऊबंद भेटतो: 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ'. अहो, संपर्क करणार समोरचा, मग 'मायसेल्फ' आलं कुठून? 'कॉन्टॅक्ट मी' म्हणा. ते जरा किरकोळ वाटतं, म्हणून आपण भारदस्त शब्द घालतो, एवढंच.

जिथे 'सेल्फ' हवंच, तिथे ते गाळून भागत नाही. भाजी चिरताना भावाला सुरी लागली. 'ही कट हिमसेल्फ' म्हटलंत, तर हळद दाबली की झालं. 'ही कट हिम' म्हटलंत, तर ऐकणारा विचारेल, कोणी कोणाला कापलं? तसंच सहलीचं. आपण मराठीत बिनधास्त 'खूप एन्जॉय केलं' म्हणतो, पण इंग्रजीत 'वुई एन्जॉइड' म्हणून थांबलं की वाक्य लोंबकळतं. 'वुई एन्जॉइड अवरसेल्व्ज' म्हणायचं, नाहीतर 'द ट्रिप' तरी जोडायचं.

रूपांच्या बाबतीत इंग्रजी जरा लहरी आहे. 'माय'वरून 'मायसेल्फ', मग 'हिज'वरून 'हिजसेल्फ' का नाही? काही इंग्रजी बोलींत ते आहेही! प्रमाण इंग्रजीत मात्र 'हिमसेल्फ' आणि 'देमसेल्व्ज'. पाठच करा.

आणि आपल्या आदरार्थी बहुवचनाच्या बाबतीत जपून राहा. 'यू' एकालाही चालतं, दहांनाही, पण 'सेल्फ' जोडलं की संख्या उघडी पडते. आजोबांना आपण म्हणतो, "अहो, तुम्ही वाढून घ्या ना." मराठीत हे 'तुम्ही', तरी इंग्रजीत आजोबा एकटेच, म्हणून 'हेल्प युअरसेल्फ'. आदरापोटी 'हेल्प युअरसेल्व्ज' म्हणालात, तर आजोबा मागे वळून बघतील, आणखी कोण जेवायला आलंय ते.