लहान शिकार आणि सोलापूरचा माळ

श्रोतेहो,

सोलापुरात वन्यजीवांचा विषय काढला की माळढोकाचे नाव निघतेच, आणि ते रास्तही आहे, कारण नान्नजचे अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले ते त्याच पक्ष्यासाठी. आज मात्र मला ज्यांच्यासाठी कोणी अभयारण्य मागत नाही अशा प्राण्यांविषयी बोलायचे आहे: ससा, राखी तित्तर, लावा आणि माळावर जमिनीवरच राहणारा पखुर्डी पक्षी. जुन्या शिकारी परवान्यांच्या भाषेत यांना ‘लहान शिकार’ म्हणत. माझे म्हणणे आरंभीच सांगतो. हे प्राणी मुख्यतः बंदुकीने किंवा फाशाने घटले नाहीत, त्यांची जागा गेल्याने घटले. परंतु एकदा घटल्यानंतर आज जी चोरटी शिकार चालते, ती त्यांना पुन्हा सावरू देत नाही.

यासाठी प्रथम अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण तिथे खारीची शिकार हा आजही परवान्याने चालणारा रीतसर प्रकार आहे. आपल्याला हे ऐकायला चमत्कारिक वाटते. आपल्याकडे खारीच्या पाठीवर रामाची बोटे उमटलेली असतात. तिथली करडी खार एके काळी मक्याची शत्रू मानली जाई, आणि १७४९ साली पेनसिल्व्हेनियाच्या वसाहतीने मारलेल्या प्रत्येक खारीमागे तीन पेन्सचे बक्षीस लावले, तेव्हा सुमारे ६ लाख ४० हजार खारींचे पैसे सरकारी तिजोरीतून द्यावे लागले. तरीही खार संपली नाही. एकोणिसाव्या शतकात ओक आणि हिकरीची जंगले तुटली, तेव्हा मात्र ती अनेक भागांत दुर्मीळ झाली. आणि पुढे ओसाड पडलेल्या शेतांवर जंगल परतले, तशी तीही परतली. आज अनेक राज्यांत ठरावीक हंगामात, दिवसाला पाच-सहा खारी मारण्याची मुभा असूनही तिची संख्या टिकून आहे.

त्याच देशातल्या बॉबव्हाइट या लाव्यासारख्या पक्ष्याची कथा उलटी आहे. त्याचे शिकारी घटत गेले, शिकारीवर नियमही होते, आणि तरीही १९६६ पासून होणाऱ्या वार्षिक पक्षीगणनेत त्याचा आलेख सतत उतरताच राहिला, कारण शेतांच्या कडेची झुडपे आणि देशी गवते नाहीशी झाली. पॉल एरिंग्टन या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या काळात याच पक्ष्याचा अभ्यास करून असे दाखवले की एखादी जमीन हिवाळ्यात ठरावीकच पक्षी पोसू शकते. त्याहून जास्तीचे पक्षी शिकाऱ्याने मारले नाहीत तरी कोल्हा, ससाणा किंवा थंडी त्यांना नेतेच. ‘माफक शिकारीने काही बिघडत नाही’ हा शिकाऱ्यांचा आवडता युक्तिवाद इथूनच येतो. तो खोटा नाही, पण त्याला एक अट आहे: वरकड पक्षी मुळात शिल्लक असले पाहिजेत.

आपल्या माळावर ते आहेत का? सोलापूर हा रब्बी ज्वारीचा जिल्हा होता. ज्वारीचे रान, मधली पड, रुंद बांध, त्यावर बोरी-बाभळी, पलीकडे कुसळी आणि पवन्याचे गायरान, अशी ती घडण होती. सशाचे पिल्लू उघड्यावर जन्मते, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच; त्याला बीळ लागत नाही, दडायला गवताचा थोंब मात्र लागतो. तित्तर जमिनीवर घरटे करतो आणि त्याची पिल्ले पहिले काही आठवडे प्रामुख्याने वाळवी, नाकतोडे अशा किड्यांवर वाढतात. उजनी धरणानंतर उसाचे क्षेत्र वाढत गेले, सांगोल्याकडे डाळिंब आले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. पण ट्रॅक्टरने बांध कोरले गेले, जेसीबीने माळ सपाट झाले, फवारणीने किडे गेले, आणि उरलेल्या गवताळ जमिनींना ‘पडीक’ ठरवून त्यांवर चर खणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली. झाडे लावून माळाची हानी होते, हे आपल्या वृक्षप्रेमी समाजाला पटवणे सगळ्यांत अवघड आहे. शिवाय गावोगावची मोकाट कुत्री आहेत, ती रोज माळ पालथा घालतात.

अशा तुटक तुकड्यांत उरलेल्या सशांवर रात्री मोटारसायकलवरून प्रखर बॅटरीचा झोत टाकला जातो. डोळे दिपलेला ससा जागीच थिजतो. एरिंग्टनचा हिशेब इथे लागू होत नाही. इथे मेलेला प्रत्येक ससा हा पुढच्या विणीतून वजा होतो.

शिकारीची चर्चा निघाली की बोट फासेपारध्यांकडे वळते, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलतो. गुन्हेगार जमाती कायद्याखाली या समाजाला ज्या तारेच्या कुंपणाआड डांबले गेले, ते सेटलमेंट याच शहरात होते, आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाला तरी संशय गेला नाही. फासे आणि वाघूर, म्हणजे शिकारीचे जाळे, घेऊन पायी फिरणारा पारधी पिढ्यान्‌पिढ्या या माळावर होता, आणि तित्तरही होते. हौसेखातर आणि ढाब्यावरच्या ताटासाठी गाडी घेऊन निघणाऱ्यांचा हिशेब त्याच्या नावावर मांडणे हा अन्याय आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला लहान शिकारीच्या परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. ससा आणि पाच पट्ट्यांची खार दीर्घकाळ चौथ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याच्या कमी संरक्षणाच्या यादीत, होत्या. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली. फासा लावणे, किंबहुना शिकारीचा प्रयत्न करणे, हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे.

मात्र कायदा बांधावर गवत उगववत नाही. ते काम शेतकऱ्याचे आहे, आणि त्यात फार खर्च नाही. राखी तित्तराची वीण साधारण एप्रिल ते सप्टेंबर चालते, आणि नेमक्या त्याच सुमारास, खरिपाच्या तयारीसाठी, आपण बांध पेटवतो. पेटवण्याऐवजी गवत दिवाळीनंतर कापावे, तेही एका वर्षी बांधाची एक बाजू आणि पुढच्या वर्षी दुसरी. गायरानावर रोपे लावण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आला, तर आधी तिथे कोणते गवत आहे आणि त्यात कोण राहते, एवढे विचारून मगच हात वर करावा.