डब्यातला केक : घरच्या कोरड्या मिश्रणाची गोष्ट

(दृश्य : लक्ष्मीपुरी, सकाळ. उघडी पोती, काट्यावर मैदा.)

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून मैदा घेताना आधी मूठ भरून बघायची. घट्ट दाबून मूठ उघडली की कोरडा मैदा आकार धरतो, पण बोट लागताच त्याचा भुगा होतो. दमट मैद्याचे खडे पडतात. भाकरी-चपातीच्या पिठाला एवढं बघायची गरज नसते. केकच्या मिश्रणाला असते, कारण हा मैदा पुढचे एक-दोन महिने बेकिंग पावडरच्या सोबत एकाच पाऊचमध्ये राहणार आहे. पाणी मिळालं की बेकिंग पावडर कामाला लागते, मग ते पाणी वाटीतलं असो की हवेतलं.

(दृश्य : मंगळवार पेठेतलं स्वयंपाकघर. कट्ट्यावर पराती, दोन काटे, तीन चाळण्या.)

मंगळवार पेठेतल्या या स्वयंपाकघरात चारजणी मिळून मिश्रण करतात. साधा, आयसिंग नसलेला, चहाबरोबर खायचा केक. मुलांच्या डब्यात दुसऱ्या दिवशीही मऊ राहणारा. अंडं नाही. मिश्रण एकदा करून ठेवलं की त्यात फक्त दही, पाणी आणि तेल घालायचं.

चार केकचं प्रमाण असं. मैदा 500 ग्रॅम. पिठीसाखर 350. दुधाची पावडर 100. कॉर्नफ्लॉवर 50. बेकिंग पावडर 20. खायचा सोडा 4 आणि मीठ 5 ग्रॅम. सगळं मिळून साधारण 1030 ग्रॅम भरतं, म्हणजे केक भाजायच्या एका सहा इंची डब्याला 255 ते 260 ग्रॅम.

कट्ट्यावर वाटी दिसत नाही, याकडे लक्ष द्या. 240 मिलीच्या कपात मैदा हलक्या हातानं भरला तर 120 ग्रॅमच्या आसपास बसतो, दाबून भरला तर 150 पर्यंत जातो. माप एकच आणि फरक 30 ग्रॅमचा. एवढ्या फरकानं केक कोरडा होतो, वरून फुटतो, आणि दोष दिला जातो ओव्हनला. हजार रुपयांच्या आत येणारा डिजिटल काटा घरात असणं हे कुठल्याही साच्यापेक्षा, बीटरपेक्षा महत्त्वाचं आहे. दुसरा काटा छोटा आहे, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. सोडा त्यावरच मोजायचा. मोठा काटा 4 ग्रॅम दाखवतो तेव्हा खरं वजन साडेतीन असू शकतं, साडेचारही असू शकतं.

(दृश्य : मिक्सरच्या भांड्यात साखर, झाकण उघडताच उडणारी धूळ.)

साखर घरीच दळतात. 350 ग्रॅम साखरेबरोबर त्या 50 ग्रॅममधलं दोन चमचे कॉर्नफ्लॉवर आधीच टाकतात, म्हणजे पिठीसाखरेच्या गुठळ्या होत नाहीत. अख्खी साखर घालून चालत नाही. जाड दाणा आणि बारीक पूड एका डब्यात राहिली की हलवता-उचलताना वेगळी होतात, आणि पहिला केक फिका तर शेवटचा गोड निघतो. दळल्यावर साखर गरम असते. ती ताटात पसरून गार होईपर्यंत पुढे जायचं नाही. गरम साखर डब्यात गेली की झाकणाच्या आतून पाणी सुटतं.

(दृश्य : काचेच्या दोन पेल्यांत फेस.)

आता ही तपासणी. पहिल्या पेल्यात गरम पाणी आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर. दुसऱ्यात लिंबाचा रस आणि चिमूटभर सोडा. दोन्हीकडे लगेच, जोरात फेस यायला हवा. बेकिंग पावडरचे बुडबुडे रेंगाळत, सावकाश येत असतील तर ती बाजूला ठेवायची. डब्यावर तारीख पुढची असली तरी. झाकण रोज उघडझाप झालेली पावडर तारखेआधीच संपते.

(दृश्य : मोठी परात, पांढऱ्या पिठाचा पडदा चाळणीतून.)

हा भाग सगळ्यात लांब चालतो, आणि तो लांबच चालायला हवा. सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ आधी एक मूठ मैद्यात मिसळून बारीक चाळणीतून काढायचं. मग त्यात दुधाची पावडर, उरलेलं कॉर्नफ्लॉवर, साखर, आणि शेवटी बाकीचा मैदा. मग सगळं मिळून तीन वेळा चाळायचं.

"वैनी, मीठ घातलंसा काय?"
"घातलंय की. सोड्याबरोबरच."

तीन वेळा का, तर सोड्याची एक बारीक गुठळी राहिली तरी केकमध्ये पिवळसर तपकिरी ठिपका उमटतो आणि तिथं साबणासारखी चव लागते. चाळणीत शेवटी राहिलेल्या खड्यांकडे बघा. बहुतेक दुधाच्या पावडरचे आहेत. ते अंगठ्यानं चाळणीवर घासून खाली काढायचे, फेकायचे नाहीत. फेकले तर दुधाची पावडर प्रमाणापेक्षा कमी पडते, आणि केकला रंग येतो तो बऱ्याच अंशी तिच्यामुळे.

काही ठिकाणी कोरड्या मिश्रणातच लोणी किंवा वनस्पती तूप चोळून ठेवतात. इथं ते मुद्दाम टाळलंय. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात असं मिश्रण लवकर खवट होतं. टुटीफ्रुटीही डब्यात घालत नाहीत. ती पाकातली असते आणि आपला ओलावा पिठाला देते.

(दृश्य : पत्र्यावर कोसळणारा पाऊस, पंचगंगेचा घाट, भरलेला रंकाळा.)

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कोरडं ठेवणं हेच मोठं काम. या दिवसांत मैदा ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये 90 अंशांवर वीस मिनिटं ठेवतात, मध्ये एकदा हलवून. रंग अजिबात बदलू द्यायचा नाही. पूर्ण गार झाल्यावरच तो परातीत येतो. मुसळधार पाऊस चालू असेल त्या दिवशी मिश्रण करायचंच नाही, एखाद्या उघडिपीच्या दुपारची वाट बघायची.

(दृश्य : गुऱ्हाळ. काहिलीत उकळणारा रस, चुलाणात चिपाडं, गुळव्याचा हात.)

कोल्हापुरात केक करायचा आणि गूळ वापरायचा नाही, हे पटत नाही. शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांच्या काळात, 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसली. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काहिलीत रस तापतो, चुना आणि रानभेंडीचा चिकट रस घातल्यावर मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. रस 116 ते 118 अंशांच्या आसपास गेला की गुळव्या थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी वळून बघतो, मग काहील वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या पसरट हौदात, रिकामी होते. पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी गुळात हायड्रोस हे रसायन टाकतात. केकला त्या रंगाची काहीही गरज नाही. तपकिरी, रसायन न घातलेला गूळ घ्या, केकचा रंगही त्यानंच देखणा येतो.

पण गूळ कोरड्या मिश्रणात जात नाही. गुळाची पावडरसुद्धा नाही. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आठवड्याभरात डब्यात ढेप तयार होते. म्हणून गुळाच्या केकचं मिश्रण साखरेशिवाय करतात. एका केकला 170 ग्रॅम मिश्रण. 90 ग्रॅम गूळ 70 मिली पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. गाळणीत काय उरतं ते पडद्यावर दिसतंच आहे. हे पाणी पूर्ण गार हवं. कोमट असलं तरी सोडा भांड्यातच फसफसून जातो आणि दही फाटतं ते वेगळं. त्यात अर्धा चमचा वेलची आणि किंचित जायफळ.

(दृश्य : स्टीलचं भांडं, दही, तेलाची धार.)

आता एक केक. ओव्हन आधी 180 अंशांवर दहा मिनिटं तापायला लावायचा. डब्याला तेलाचा हात आणि वरून मैदा. मिश्रणाचीच चिमूट भुरभुरली तर त्यातली साखर करपून केक चिकटतो.

दही 100 ग्रॅम, पाणी 70 मिली, तेल 55 मिली. तिन्ही एकजीव होईपर्यंत फेटायचं. दही फार आंबटही नको आणि अगदी गोडही नको. सोड्याला आम्ल मिळायला हवं, तेवढं मध्यम आंबट दह्यात असतं. तेल बिनवासाचं. घाण्याचं शेंगतेल गुळाच्या केकला शोभतं, साखरेच्या केकमध्ये मात्र त्याचा वास पुढे येतो.

मिश्रण दोन भागांत घालायचं आणि उलथन्यानं खालून वर घेत कालवायचं. तीस-चाळीस वेळा, बस्स. भजीच्या पिठापेक्षा किंचित सैल दिसलं आणि कोरडं पीठ कुठं राहिलं नाही की हात थांबवायचा. एखादी बारीक गुठळी राहिली तरी भाजताना जाते. जास्त घोटलं तर मैद्याला चिवटपणा येतो आणि केकमध्ये उभी लांब भोकं पडतात. कालवल्यापासून पाच मिनिटांत डबा ओव्हनमध्ये. फोन आला तर वाजू द्या.

(दृश्य : ओव्हनच्या काचेतून हळूहळू फुगणारा केक.)

तीस ते पस्तीस मिनिटं. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. आतला भाग अजून ओला असतो, गार हवा लागली की बसतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, तळाला मीठ, वर स्टँड, घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. कुकर वापरू नका. पाण्याशिवाय तापलेल्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. तोच कुकर संध्याकाळी वरण-भाताला लागणार असतो.

(दृश्य : कापलेले चार केक शेजारी शेजारी.)

डावीकडचा मधोमध फुटलाय. ओव्हन जास्त तापला होता, कडा आधी घट्ट झाल्या आणि आतलं पीठ वाट काढत वर आलं. दुसरा खचलाय. सोडा जास्त, किंवा दार लवकर उघडलं. तिसऱ्याच्या तळाशी चिकट दडस पट्टा आहे, कालवलेलं पीठ बाहेर वाट बघत राहिलं. चौथा बरोबर. भोकं बारीक, सगळीकडे सारखी, आणि बोटानं दाबलं की परत वर येतोय. चारही केक एकाच ओव्हनमधले, एकाच दुपारचे.

चॉकलेटचा करायचा असेल तर एका केकच्या मिश्रणात 15 ग्रॅम कोको आणि 15 मिली पाणी जास्त. निम्मा मैदा काढून बारीक चाळलेली कणीक घातली तरी चालतं, पाणी तेवढंच वाढवायचं.

(दृश्य : पाऊच भरताना, सीलिंग मशीन.)

भरताना मोठा डबा नाहीच. एका केकचं एक पाऊच. मोठ्या डब्यात जड-हलकं वेगळं होत राहतं आणि झाकण दर वेळी उघडतं. पाऊचमध्ये बेकिंग पावडर जेवढी मोजली तेवढीच राहते. कोरड्या दिवसांत दोन महिने. पावसाळ्यात एक महिना, तोही फ्रीजमध्ये. फ्रीजमधून काढलेलं पाऊच लगेच कापायचं नाही. बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवायचं, नाहीतर गार पिठावर दव धरतं. शंका आली तर एक चमचा मिश्रण गरम पाण्यात टाकून बघा. फेस आला नाही तर त्या मिश्रणाचा केक फुगत नाही.

विकायचं झालं तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, पाकिटावर घटक आणि तारखा छापाव्या लागतात. या चौघींनी तो अर्ज भरलाय.

प्रत्येक पाऊचवर सध्या पेननं दोनच ओळी असतात. वर भरल्याची तारीख. खाली : दही 100, पाणी 70, तेल 55, 180 वर 30 मिनिटं.