लाल व्हॉल्व्ह आणि हायफन-हायफन-फोर्स

मागे आवाज येतोय ना? बरं.

कोथरूडला आमच्या सोसायटीत टाकीखाली एक लाल व्हॉल्व्ह आहे, टाकी धुताना सगळं पाणी सोडून द्यायचा. शेजारी सेक्रेटरींनी कागद चिकटवलेला, ‘लाल व्हॉल्व्ह उघडू नये. जाम असल्यास पाना वापरावा.’ जुन्या वॉचमनमामांना सगळं पाठ होतं. मग नवीन मुलगा आला, तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या नळाला धार बारीक येतीये, जरा व्हॉल्व्ह बघ रे, त्याने लाल फिरवला, फिरेना, कागद वाचला, पाना घेऊन आला. बुधवारची रात्र. आणि गुरुवारी पाणी बंद म्हणजे काय हे पुण्यात मी सांगायला नको. (हशा)

त्या पोराचं काय चुकलं? तो वाचून वागला. एआय एजंट, म्हणजे स्वतः कमांड चालवून काम उरकणारा एआय, तोही हेच करतो, म्हणून आज टूलच्या डॉक्युमेंटेशनबद्दल बोलायचंय, त्यातही जे टूल काहीतरी कायमचं उडवतं त्याच्या.

आमच्याकडे टेस्टचा जुना डेटा साफ करायची एक कमांड होती, मीच लिहिलेली. शंभरच्या वर रेकॉर्ड सापडले की ती थांबायची आणि म्हणायची, ‘धोकादायक. तरीही चालवायचं असल्यास हायफन-हायफन-फोर्स द्या.’ फोर्स म्हणजे कमांडला जोडायचा ‘अडू नकोस, करच’ असा पर्याय. माणूस हे वाचून दचकतो, चहा पिऊन येतो, शेजारच्याला विचारतो. एजंटचा लॉग माझ्याकडे आहे: पहिली कमांड, एरर, मग त्याची स्वतःची नोंद, ‘टूलच्या सूचनेनुसार फोर्स वापरत आहे’, आणि चार सेकंदांनी तीच कमांड फोर्ससकट. सगळं स्टेजिंग, म्हणजे आमची चाचणीची सिस्टिम, साफ. प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरतात ती खरी सिस्टिम, नव्हती म्हणून मी इथे उभा राहून बोलतोय. मला जी धोक्याची पाटी वाटत होती ती त्याच्यासाठी पुढची स्टेप होती.

नावाजलेल्या टूल्समध्येही हे आहेच. गिट म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणारं टूल. त्यातलं फालतू फाइल्स उडवणारं गिट क्लीन नुसतं चालवलं तर नकार देतं, पण फोर्सचा पर्याय दिला नाही हे नकारातच सांगतं. तो इतिहास नव्याने लिहिणारं गिट फिल्टर-रीपो ताजा क्लोन, म्हणजे नुकतीच काढलेली कॉपी, नसेल तर अडतं आणि शेवटी फोर्सचा रस्ता दाखवतंच, पण त्याच्या मॅन्युअलमध्ये कारण दिलंय ते बघा. हिस्टरी नव्याने लिहून झाली की ते रीफ्लॉग, म्हणजे आधीच्या स्थितींची नोंद, आणि जुने ऑब्जेक्टही साफ करतं, म्हणजे त्या कॉपीतून मागे यायची सोय संपली, म्हणून कॉपीवर काम करा आणि मूळ तसंच ठेवा. कारण कळलं की एजंटला निदान ठरवता येतं, आपण उभे आहोत तो क्लोन आहे की मूळ. ‘सावधान’ने काय ठरवणार?

मग मी आमचं पान परत लिहिलं. सुरुवातीलाच काय जाणार, कुठल्या डेटाबेसमधून, आणि परत येणार का, येणार तर कुठल्या बॅकअपमधून. मग ड्राय रन, म्हणजे काही न उडवता काय उडेल ते नुसतं दाखवणं. इथे आमचीच लाज निघाली, कारण ड्राय रनची क्वेरी वेगळी होती, तो बारा रेकॉर्ड दाखवायचा आणि खरी कमांड बाराशे उडवायची, आणि हे डॉक्युमेंट लिहायला बसलो नसतो तर कळलंच नसतं. एररमधून फोर्सचा उल्लेख काढला, तिथे लिहिलं, ‘थांबा. ज्याने काम सांगितलं त्याला ही संख्या दाखवून विचारा.’ नंतर फोर्सच काढून टाकला, आता डेटाबेसचं नाव आणि ड्राय रनमध्ये आलेली संख्या द्यावी लागते, मधल्या वेळात संख्या बदलली तर कमांड चालतच नाही. ‘वाय की एन’ विचारून काही होत नाही हो, सतत वाय टाइप करत बसणारी यस नावाची कमांड युनिक्समध्ये कधीची आहे.

एमसीपी, म्हणजे एआयला टूल्स जोडायची एक ठरलेली पद्धत, त्यात टूलवर डिस्ट्रक्टिव्हहिंट, म्हणजे ‘हे काहीतरी उडवू शकतं’ अशी खूण, लावता येतो, काहीच नाही लावलं तर टूल विध्वंसक आहे असंच धरायचं, हा डीफॉल्ट मला आवडतो. पण नावातच हिंट आहे, ते कुलूप नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एजंटने कोड फ्रीझ, म्हणजे आता काहीही बदलायचं नाही, असं बजावलेलं असताना प्रॉडक्शन डेटाबेस उडवला. तेव्हा डॉक्युमेंट कितीही छान लिहा, एजंटच्या लॉगिनला डिलीटची परमिशन द्यायचीच कशाला, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

आमच्या सोसायटीने हेच केलं. लाल व्हॉल्व्हचं हँडल काढून सेक्रेटरींच्या घरी ठेवलंय. सेक्रेटरी दिवाळीपासून मुलीकडे बोस्टनला आहेत, टाकी धुवायची राहिलीये.