सव्वीस इंचांची वाट

नमस्कार मंडळी. मागं ऐकू येतंय ना? पंखा जरा कमी करा, माझा आवाज आणि त्याचा आवाज एकाच पट्टीत आहेत.

फळ्यावर विषय लिहिलाय: ‘वर्दळीपासून दूर, कच्च्या वाटांवरची सायकल, प्रत्येकाच्या ताकदीनुसार.’ एवढं लांब नाव मी दिलेलं नाही. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी ‘पाणंद’ एवढंच म्हणालो होतो. ते म्हणाले, पाणंदीवर बोलायचं म्हटल्यावर कोण येणार? बघा, पंधरा-वीस तरी आलाय.

पाणंद म्हणजे काय, हे बेळगावात सांगायची वेळ आली तर मी इथूनच खाली उतरतो. खरं माझा मुलगा पुण्याला असतो, शेतांमधून जाणारी ही कच्ची वाट त्याला ‘ग्रॅव्हल’, म्हणजे खडीची वाट, वाटते. तो मला सायकलच्या दुकानात घेऊन गेला. तिथल्या पोरानं एक सायकल दाखवली, किंमत लाखाच्या वर. काय विशेष म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘अंकल, टायर बघा, अडतीस एमएम.’ आता आमच्या आजोबांची काळी सायकल आठवा. तुमच्याही घरी असणारच. कॅरिअरला दुधाची किटली, दांड्यावर नातू. तिच्या टायरवर काय कोरलेलं असायचं? 28 गुणिले दीड. दीड इंच म्हणजे किती? अडतीस मिलिमीटर! म्हणजे आमचे आजोबा येळ्ळूरहून रोज दूध घालायला यायचे ते ग्रॅव्हल रायडर होते, फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हसू नका, यात शास्त्र आहे. डांबरी रस्त्याच्या सायकलचं टायर पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचं, हवा ऐंशी पौंडांच्या (पीएसआय) आसपास. टायर चाळीसचं घेतलं की पस्तीस-चाळीसची हवा पुरते, आणि बारीक दगड आला तर टायर त्याला पोटात घेतं, हँडलला कळू देत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया म्हणून गाव आहे, तिथं 2006 पासून कच्च्या रस्त्यांची मोठी शर्यत भरते. तिथले गारगोटीसारखे दगड टायर चिरतात, म्हणून लोक ट्यूबा बांधून निघतात. 2022 ला इटलीत याच प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. म्हणजे जग पाणंदीत उतरलं, आणि आपण पाणंदीवर डांबर घालून घ्यायला आमदारांच्या दारात उभे. शेतकऱ्याला पावसात वाट हवी, हे मला कळतं. माझीही शेती आहे. मुरूम टाका, रोलर फिरवा, कडेला चर काढा. डांबर पडलं की दुसऱ्या दिवसापासून तिथून टेम्पो शॉर्टकट मारतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

असो. खरी गोष्ट सांगायची ती वेगळीच आहे.

माझा एक मावसभाऊ आहे. शहापुरात टेलरिंगचं दुकान. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. हातानं फिरवायची तीनचाकी चालवतो. दंड बघाल तर पैलवान वाटेल. दर आषाढीला म्हणायचा, ‘तू सायकलवर कुठंकुठं जातोस, मला बी ने की एकदा.’ मी टाळत होतो. कारण आपल्या बाजूच्या वाटा म्हणजे चढ. मग एकदा डोक्यात आलं: कालवा!

कालव्याच्या कडेची वाट कधी बघितलाय? कालव्याचं पाणी जेमतेम उतारानं चालतं, किलोमीटरमागं वीत-दोन वीत. मग त्याच्या कडेचा देखभालीचा रस्ताही तसाच. इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ जुन्या रेल्वेमार्गावर 1979 ते 1986 मध्ये सायकलवाट केली, ती म्हातारी, पोरं, अपंग सगळ्यांना जमते ती याच कारणानं. आगगाडीला चढ सोसत नाही. आपल्याकडं तसा बंद पडलेला मार्ग नाही, खरं पाटबंधाऱ्यानं तेच काम फुकटात करून ठेवलंय.

तर धुपदाळच्या पुढं, घटप्रभेच्या डाव्या कालव्याच्या कडेनं जायचं ठरवलं. तीनचाकी टेम्पोत घातली, सकाळी सहाला सुरुवात. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, मध्ये आम्ही दोघं. त्याला बोलायला सवड नव्हती, हात चालू होते. बगळे उडाले तर मान वर करून बघायचा, एवढंच. पुलावर एक मामा म्हैस धूत होते. त्यांनी विचारलं, ‘एल्लिगे होंटीरी?’ म्हणजे कुठं निघालात? मी मराठीतच सांगितलं, असंच पुढं. ते कन्नडमध्ये म्हणाले, पुढं जाऊ नका. मी म्हटलं, रस्ता चांगला आहे की. ते हसले. आपल्या भागात दोघं दोन भाषेत बोलतात आणि दोघांना कळतं. त्या दिवशी मला कळलं नाही, एवढंच.

सात किलोमीटरवर लोखंडी पाईप. वाळूचे ट्रॅक्टर जाऊ नयेत म्हणून कुठल्याशा खात्यानं आडवा घातलेला, काँक्रीटच्या दोन खांबांमध्ये, कुलूप लावून. बाजूला माणसाला जायला फट. माझी सायकल आरामात गेली. मावसभावानं तीनचाकी फटीपाशी आणली, थांबला, गळ्यातली टेप काढली (दुकानातून तशीच घालून आला होता) आणि फट मोजली. सव्वीस. मग स्वतःची गाडी मोजली. बत्तीस. माझ्याकडं बघून म्हणाला, ‘कंबर बत्तीसची, आणि पँट शिवली सव्वीसची. मापं कुणी घेतली रे?’

मी पाईप उचलायला बघितला. हलला नाही. तीनचाकी आडवी करून काढावी म्हटलं, तर त्याला आधी खाली उतरवायला हवं, म्हणजे मातीत बसवायला हवं. तो म्हणाला, ‘नको.’ परत फिरलो. त्या पाईपाच्या बाजूला, कालव्याच्या भरावावरून, ट्रॅक्टरची ताजी चाकोरी गेलेली होती. ट्रॅक्टर गेला होता, तीनचाकी गेली नव्हती.

परतताना ते मामा अजून पुलावर होते. काहीच बोलले नाहीत, कळशीतलं पाणी दिलं.

मी त्या खात्यात अर्ज दिलाय. तीन भाषांत दिलाय, कुणी म्हणायला नको. पोच मिळाली, उत्तर नाही. साहेब म्हणाले—

ही चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ पाहुण्यांना खानापूरची बस गाठायची आहे म्हणे. पाहुणा मीच आहे, आणि मी सायकलवर आलोय. बरं, आवरतो.

सांगायचं होतं ते असं. वाट सोपी की अवघड, हे आपण किलोमीटरवरून ठरवतो. चूक. तिची सगळ्यात अरुंद जागा, सगळ्यात उभा चढ आणि सगळ्यात वाईट शंभर पावलं बघा. बाकीचे वीस किलोमीटर लोण्यासारखे असले तरी उपयोग नाही.

मी वाटांचे तीन रंग करतो. हिरवी: कालव्याच्या कडेची. हाततीनचाकी, लहान पोरं, गुडघे दुखणारे, सगळे. फट निदान चार फुटांची हवी, आणि वीस फुटांत फुटापेक्षा जास्त चढ नको. कालव्याला कठडा नसतो, तेव्हा पोरं पाण्यापासून लांबच्या बाजूला. निळी: येळ्ळूर-वडगावच्या शिवारातल्या पाणंदी, राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत. गड चढायचा तर तो निळ्यात येत नाही. इथं काळी माती आहे. भात निघाल्यावर जा. पावसाळ्यात गेलात तर चिखल, त्यात काडीकचरा, चाक आणि फ्रेममध्ये असा भरतो की सायकल खांद्यावर आणि माती सायकलवर. मी अनगोळपर्यंत आणलीय अशी. लाल: जांबोटीकडची तांबडी माती. जांभ्याचा मुरूम पाणी पितो आणि घट्ट बसतो, म्हणून पाऊस उघडला की लवकर चालण्याजोगा होतो. चढ मात्र छाती काढतात आणि जळवा आहेत. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका, आणि चोर्ल्याचा मुख्य रस्ता गोव्याच्या गाड्यांना सोडून द्या.

उसाचं लिहिलं नाही मी इथं. गाळप सुरू झालं की पूर्वेकडच्या वाटांवर दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर. तेव्हा ‘वर्दळीपासून दूर’ म्हणजे कोणत्या महिन्यात, हे पण विचारायचं.

पाट्यांचं शेवटचं. पाटी लावली की कुठली भाषा वर, कुठली खाली, हा प्रश्न आलाच, आणि रातोरात काळं फासलं जातं. म्हणून पाटी नकोच. वळणावर एक दगड, त्याला रंग. शेजारी फटीचं माप, आकड्यात. चुना आणि रंग मी देतो.

पाटबंधाऱ्याच्या ओळखीचं कुणी असेल तर चहाच्या वेळी भेटा. येत्या रविवारी सकाळी सहाला घटप्रभा स्टेशनबाहेर जमायचं आहे. हवा कमी ठेवा, पाणी घ्या. मावसभाऊ येणार आहे, टेप त्याच्याकडं आहे.