काचेआधीची धुलाई

हॅनफर्ड. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी. वरून बघितलं तर नुसतं कोरडं माळरान, पण खाली १७७ टाक्या पुरल्यात आणि त्यात जवळपास २१ कोटी लिटर किरणोत्सारी कचरा आहे. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम इथलंच.

अणुभट्टीतल्या इंधनातून प्लुटोनियम काढून घेतल्यावर उरायचं ते अ‍ॅसिडवालं पाणी, आणि टाक्या साध्या कार्बन स्टीलच्या, अ‍ॅसिडने खाऊनच टाकल्या असत्या, म्हणून त्यात कॉस्टिक सोडा ओतला. टाक्या तेव्हापुरत्या वाचल्या, पण लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि त्यांच्यासोबत किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम, प्लुटोनियम, सगळं गाळ होऊन तळाशी बसलं.

आता हा गाळ काचेत वितळवून, स्टीलच्या डब्यात भरून खोल जमिनीत कायमचा ठेवायचा असा प्लॅन आहे. मग थेट भट्टीत का नाही टाकत? कारण गाळात किरणोत्सारी भाग अगदी थोडा. अ‍ॅल्युमिनियम जास्त राहिलं की डबे वाढतात, क्रोमियम जास्त झालं की भट्टीत खडे धरतात, सल्फेट तर काचेत मुरतच नाही, वर तरंगतं.

म्हणून आधी धुलाई. आपण तांदूळ धुतो ना तसंच, पाणी घालायचं, ढवळायचं, निवळू द्यायचं, वरचं काढायचं, परत पाणी. फक्त इथे कॉस्टिक घालून तापवावं पण लागतं. अ‍ॅल्युमिनियम गाळात दोन खनिजांच्या रूपात असतं: गिब्साइट पटकन विरघळतं, बोहमाइट मात्र तासन्‌तास तापवलं तरी दाद देत नाही, आणि जास्त कॉस्टिक घालावं तर तेवढं सोडियम वाढतं, त्याची परत वेगळी काच करा! मला तरी यातलं सगळ्यात अवघड गणित हेच वाटतं.

त्यात गाळ हात लावल्याशिवाय पण शांत बसत नाही. किरणोत्सारामुळे आत हायड्रोजन तयार होतो आणि गाळातच अडकतो. एसवाय-१०१ नावाची टाकी तर दर तीनेक महिन्यांनी ढेकर द्यायची, एकदम भरमसाट गॅस बाहेर, एक ठिणगी पुरली असती. १९९३ मध्ये आत मिक्सर पंप सोडला, सतत ढवळत ठेवलं, तेव्हा कुठे ते थांबलं.

टाक्यांतल्या द्रव भागातलं सीझियम, म्हणजे त्यातलं किरणोत्सारी मूलद्रव्य, २०२२ पासून गाळून काढतायत, २०२५ मध्ये त्या द्रवाची काच बनायला पण लागली, आणि हे खरंच मोठं काम झालंय. पण गाळ धुण्यासाठी जी इमारत बांधायला घेतली होती तिचं काम २०१२ मध्ये थांबलं. गाळ अजून टाक्यांतच आहे, आणि त्यातल्या कितीतरी टाक्या एकाच भिंतीच्या, आधीच गळलेल्या.